नळी मऊ का असते?

(दृश्य: उघडलेला वॉटर ब्लॉक, अगदी जवळून)

हा संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारा वॉटर ब्लॉक. तांब्याच्या तळावर कोरलेल्या या पट्ट्या पाहा. दोन पट्ट्यांमधली फट एक मिलिमीटरपेक्षाही बरीच कमी असते. या फटींमधून पाणी वाहतं, प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि नळीतून रेडिएटरकडे, म्हणजे पाणी हवेने थंड करणाऱ्या जाळीकडे, नेतं. इथे मात्र फटींत पांढरट, चिकट थर बसलाय. पाणी तर डिस्टिल्ड होतं. मग हे आलं कुठून?

पुष्कळदा ते नळीतून आलेलं असतं.

(दृश्य: पारदर्शक नळीचं वेटोळं)

ही पीव्हीसीची मऊ नळी. काचेसारखी स्वच्छ, हवी तशी वळणारी. पण घरातल्या नळजोडणीचा करडा, टणक पाइपही पीव्हीसीचाच असतो. हा पदार्थ मुळात कडकच. 1926 मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने पीव्हीसी एका उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवलं आणि त्याच्या हाती लवचीक पदार्थ आला. नळी आजही त्याच तत्त्वावर मऊ होते. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांच्या मध्ये प्लॅस्टिसायझरचे, म्हणजे मऊपणा आणणाऱ्या द्रव्याचे रेणू शिरतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात.

अडचण इथेच आहे. हे रेणू साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. ते आत शिरले तसे बाहेरही पडतात, आणि उष्णता वाढली की जास्त वेगाने. गवंड्याकडची लेव्हलची जुनी नळी आठवा: पिवळी पडलेली, ताठ झालेली. तिच्यातलं प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षं उन्हात निघून गेलेलं असतं. संगणकात ते निघतं आणि पाण्याबरोबर फिरत राहतं. फिरता फिरता सगळ्यांत अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या फटींत अडकतं. प्रवाह मंदावतो. तापमान इतक्या सावकाश चढतं की बिघाड लवकर लक्षातही येत नाही.

पारदर्शक नळी कालांतराने धुरकटही होते; त्याचं कारण मात्र दर वेळी हेच नसतं. पीव्हीसी थोडं पाणीही शोषतं. तसं असेल, तर नळी रिकामी करून वाळवल्यावर धुरकटपणा बराचसा जातो.

(दृश्य: रेडिएटरचे पंखे, खिडकीबाहेर रखरखीत ऊन)

आपल्याकडे उन्हाळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. रेडिएटर कितीही मोठा असला, तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत 40 अंश असतील, तर जड कामाच्या वेळी लूपमधलं, म्हणजे ब्लॉक, नळ्या आणि रेडिएटर यांतून फिरणारं पाणी 50 च्या आसपास पोचू शकतं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी5 पंपाची मर्यादाच 60 अंशांची. अशा घरात पारदर्शक पीव्हीसी मी तरी सुचवणार नाही.

(दृश्य: काळी, निस्तेज नळी)

मी ही सुचवेन. ईपीडीएम, म्हणजे कृत्रिम रबर. मोटारीच्या रेडिएटरला जोडलेला काळा होज बहुधा याच रबराचा असतो आणि तो उकळत्या पाण्याच्या जवळपासचं तापमान वर्षानुवर्षं सोसतो. याच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात, लवचीकपणा रबराचा स्वतःचा असतो. शिवाय नळी अपारदर्शक, त्यामुळे आत उजेड जात नाही आणि शेवाळाला आधार मिळत नाही. ईके या कंपनीची झेडएमटी ही यातलीच एक परिचित नळी. मात्र सगळं ईपीडीएम एका प्रतीचं नसतं. हलक्या मिश्रणात तेल घातलेलं असतं, म्हणून संगणकाच्या लूपसाठी बनवलेलीच नळी घ्या.

नळीतून रंगीत पाणी झळकताना पाहण्यात आनंद आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. तो हवा असेल, तर पारदर्शक नळी जरूर लावा; फक्त ती ठरावीक काळाने बदलावी लागेल आणि ब्लॉक उघडून साफ करावा लागेल, हे धरून चला. सिलिकॉन? ते फार मऊ असतं, वळणावर चिमटतं आणि त्याच्यातून पाण्याची वाफ झिरपते.

(दृश्य: व्हर्नियरने नळीचं माप)

आता माप. 10/13, 10/16, 13/19: पहिला आकडा आतला व्यास, दुसरा बाहेरचा, मिलिमीटरमध्ये. 10/13 ची भिंत दीड मिलिमीटरची, 10/16 ची तीन. जाड भिंतीची नळी घट्ट वळणावरही सहज दबत नाही, म्हणून बहुतेक कॅबिनेटसाठी 10/16 उत्तम. जास्त रुंद नळीने प्रवाह फारसा वाढत नाही, कारण खरा अडथळा ब्लॉकमध्ये असतो. कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नळीचं टोक आवळून धरणारा जोड, मात्र दोन्ही आकडे जुळवूनच घ्या. फिटिंगचा दुसऱ्या बाजूचा जी 1/4 मापाचा आटा जवळजवळ सगळीकडे सारखाच असल्यामुळे चुकीचं फिटिंगही रेडिएटरवर व्यवस्थित बसतं. गफलत कळते ती नळी लावताना.

नळीचं टोक काटकोनात कापा. बार्बवर, म्हणजे फिटिंगच्या ज्या तोंडावर नळी चढते त्यावर, चढत नसेल, तर ते गरम पाण्यात बुडवा. ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं.

(दृश्य: जोडांखाली टिश्यू पेपर, पंप सुरू)

पहिल्यांदा पाणी भरताना वीज फक्त पंपाला द्या, मदरबोर्डला नाही. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास पंप चालू राहू द्या. सगळे कागद कोरडे निघाले, की मगच मदरबोर्डची केबल जोडा.