गळकी खिडकी, अडणारं दार : भांडणाआधी मोजमाप

(सोलापुरातील ग्राहक मार्गदर्शन व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, "खिडक्यांचं काम एकदम बेकार केलंय" असं म्हटल्यानं कुठलाही फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या तयार करून देणारा, दबत नाही आणि ग्राहक आयोगापुढेही त्यातून काही सिद्ध होत नाही. तेच म्हणणं असं मांडा : "हॉलच्या खिडकीवर बाहेरून पाइपनं पाणी मारलं की चार मिनिटांत डाव्या खालच्या कोपऱ्यातून आत ओघळ येतो, आणि चौकटीच्या दोन कर्णांत नऊ मिलिमीटरचा फरक आहे." आता समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. तक्रार पहिल्या पद्धतीनं न करता दुसऱ्या पद्धतीनं कशी करायची, एवढंच आज बोलायचं आहे. पैशाचा विषय त्यानंतर येतो, आधी नाही.

आपल्याकडे पाऊस कमी पडतो, पण येतो तो वाऱ्यासकट. मे महिन्यातला वळीव खिडकीवर आडवा आदळतो, सप्टेंबरचा परतीचा पाऊसही तसाच. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो किंवा विजापूर रोड, मोकळ्या माळाकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यांना हा मारा जास्त बसतो. घरं मात्र आपण दिवाळीनंतर उरकतो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास बसवलेली खिडकी वळवातच पहिल्यांदा खरी भिजते. तोवर वास्तुशांत झालेली असते, फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ताही गेलेला असतो, आणि मग फोन उचलला जात नाही.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. यासाठी एक बादली पाणी, बागेचा पाइप आणि मोबाइल पुरतो. सरकत्या खिडकीची शटरं, म्हणजे काचेचे सरकणारे पल्ले, बाजूला करा आणि खालच्या ट्रॅकमध्ये आतल्या बाजूनं तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेरच्या बाजूला असलेल्या निचऱ्याच्या छिद्रांतून निघून गेलं पाहिजे. तुंबून राहिलं तर छिद्रं पाडलेलीच नाहीत, किंवा सिमेंट, सिलिकॉन, नाहीतर रंगाच्या पुट्टीनं बुजली आहेत. छिद्रं मोकळी दिसत असूनही पाणी ट्रॅकमधून गायब होतं आणि खालच्या भिंतीवर ओल उमटते, असंही घडतं. त्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रू असतात. चौकट खाली पक्की करताना ट्रॅकमधून आरपार भोकं पाडलेली असतात आणि स्क्रूच्या डोक्यावर सीलंट लावलेला नसतो, त्यामुळे पाणी थेट भिंतीत उतरतं. गिलाव्याला पोपडे आले की रंगारी दोषी ठरतो, पण दोष त्या न बुजवलेल्या स्क्रूचा असतो.

तांब्याची चाचणी झाली की शटरं बंद करून पाइप घ्या. सुरुवात खालून करायची, हे महत्त्वाचं आहे. वरून पाणी मारलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. आधी फक्त खिडकीखालच्या कडप्प्यावर पाच ते दहा मिनिटं पाणी मारा. मग चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यावर, आधी एका बाजूनं, नंतर दुसऱ्या. मग काचेवर, आणि शेवटी वरचा सांधा व छज्जा. आत एकानं कोरडा टिश्यू पेपर घेऊन कोपऱ्यांवर टेकवत राहायचं आणि ओल दिसली की वेळ मोठ्यानं सांगायची. दुसऱ्यानं सलग व्हिडिओ घ्यायचा, मध्ये न तोडता. जबाबदारी कोणाची हे त्या एका व्हिडिओतून बरंचसं ठरतं. कडप्प्यावर पाणी मारल्याबरोबर आत आलं तर कडप्प्याचा उतार आतल्या बाजूला आहे किंवा त्याच्या खालून पाणी शिरतंय. ते गवंड्याचं काम. सांध्यातून आलं तर बसवणाऱ्याचं. शटरच्या रबरातून किंवा दोन शटरं एकमेकांत अडकतात त्या उभ्या पट्टीतून आलं तर खिडकी बनवणाऱ्याचं. छज्जाच्या भेगेतून आलं, तर खिडकीवाल्याशी भांडून उपयोग नाही.

ट्रॅकच्या आतल्या भिंतीची उंची जरूर मोजा. हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. वीस मिलिमीटर पाण्याची उंची तोलायला सुमारे 200 पास्कल दाब लागतो, आणि ताशी 65 किलोमीटरचा वारा साधारण तेवढा दाब निर्माण करतो. म्हणजे आतली भिंत जेमतेम वीस मिलिमीटरची असेल, तर जोराच्या वावटळीत निचरा उत्तम असूनही पाणी आत उसळेल. हा बसवण्याचा दोष नाही, चुकीचं सेक्शन, म्हणजे चौकटीच्या पट्टीचा चुकीचा प्रकार, निवडल्याचा आहे. ते कोणी निवडलं, फॅब्रिकेटरनं सुचवलं की दर कमी करायला तुम्हीच मागितलं, हे कोटेशनमध्ये दिसतं.

सांध्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक भांडणं तिथेच असतात. चौकट आणि भिंत यांच्यात प्रत्येक बाजूला पाच ते दहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. माप गिलावा आणि कडप्पा झाल्यावर घ्यायचं, रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं. घाईत विटांच्या कामावरच माप घेतलं की एका बाजूला चौकट भिंतीला चिकटते आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहते, जी मग सिलिकॉननं भरली जाते. इतक्या रुंद फटीत नुसतं सिलिकॉन टिकत नाही. आधी फोमची दोरी भरून वर रुंदीच्या निम्म्या जाडीचा थर द्यावा लागतो. धूळ न पुसता लावलेला सीलंट पहिल्या उन्हाळ्यातच सालीसारखा सुटतो. नखानं ओढून बघा. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिमेंट आणि धातूसाठी योग्य नाही. इथे न्यूट्रल प्रकाराचं, बाहेरच्या हवेत टिकणारं लागतं. रिकामी नळी कचऱ्यात गेली नसेल तर तिचा फोटो काढा. पुरावा म्हणून तो फार उपयोगी पडतो.

चौकट यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची असेल तर सोलापूरचं ऊन हिशेबात धरावंच लागतं. जानेवारीच्या सकाळी बसवलेली चौकट आणि मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेली चौकट, यांच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकानं दोन मीटर लांबीची यूपीव्हीसी पट्टी पाच-सहा मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचं अॅल्युमिनियम वाढतं जेमतेम दोन मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या सवयीनं यूपीव्हीसी घट्ट ठोकून बसवली की चौकट मध्ये फुगते आणि शटर उन्हाळ्यातच अडतं. पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यात अडतं, अशी तक्रार असेल तर संशय इथे घ्या. शिवाय मोठ्या शटरच्या आत लोखंडी मजबुतीची पट्टी आहे का ते लोहचुंबकानं तपासता येतं.

शटर जड चालत असेल तर दोष रोलरचा असेलच असं नाही. पाच मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असतं, म्हणजे तीन फूट बाय साडेचार फुटांच्या शटरमध्ये नुसती काच पंधरा-सोळा किलो भरते. खालच्या ट्रॅकला सलग टेकू दिला नसेल तर तो मध्ये झोकतो. त्यावर लेव्हल, म्हणजे पाणसळ ठेवा. चौकटीच्या उभ्या बाजूंना ओळंबा लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. नेहमीच्या आकाराच्या खिडकीत कर्णांचा फरक एका सुताच्या, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आत असावा.

दारांचं त्या मानानं सोपं आहे. पल्ला आणि चौकट यांच्यात बाजूंना व वर तीन मिलिमीटर, खाली पाच मिलिमीटर फट ठेवतात. पावसाळ्यात दार अडलं की सुतार रंधा मारून देतो, आणि उन्हाळ्यात तिथेच फट पडते. खरी चूक पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला असते. त्या कडांना प्रायमर न लावता दार टांगलेलं असतं, म्हणून लाकूड तिथून दमट हवा ओढतं. आरसा खाली धरून कड पाहा. लाकूड कोरं दिसलं तर फोटो काढा. दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर बिजागरीची बाजू ओळंब्यात नाही. चौकट हलत असेल तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, पुरेसे नाहीत किंवा नीट गाडलेले नाहीत. प्रत्येक बाजूला तीन लागतात.

आता समोरच्याची बाजू. फॅब्रिकेटर म्हणतो, "भिंतच वाकडी होती." ते खरंही असू शकतं. पण वाकड्या भिंतीत चौकट बसवण्याआधी तसं लेखी कळवणं हे त्याचं काम होतं. उलट, ग्रॅनाइट धुताना तुमच्या माणसानं अॅसिड वापरलं आणि त्यानं पावडर कोटिंग उडालं किंवा रोलर गंजले, तर ते त्याच्या माथी मारू नका. खरं ते मान्य केलं की बाकीच्या मुद्द्यांवर तुमचा शब्द वजनदार होतो.

वादात तीन गोष्टी करू नका. सगळ्यांसमोर पाहणी होण्याआधी दुसऱ्या कारागिराकडून खिडकी उखडू नका, पुरावा जातो. कारागिराची हत्यारं अडवून ठेवू नका. तो रोजंदारीवरचा माणूस, वाद त्याच्या मालकाशी आहे, आणि तसं केलं तर तुमच्यावरच उलटतं. आणि एका खिडकीसाठी सगळ्या कामाचे पैसे रोखू नका. सदोष भागाच्या दुरुस्तीचा खर्च दोन वेगळ्या कारागिरांकडून लेखी मागवा, तेवढीच रक्कम राखून बाकीची द्या, आणि का राखली ते लिहून कळवा.

मग संयुक्त पाहणी. फॅब्रिकेटर, गवंडी, तुम्ही आणि शक्यतो एखादा स्थापत्य अभियंता. सगळ्यांसमोर पुन्हा पाण्याची चाचणी करा आणि खिडकीवार कागद तयार करा : दोष, माप, कारण, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत. खाली सह्या. तडजोडीत एक वाक्य अवश्य घाला : "दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीनं पाणी मारून आत ओल न आल्यास राखीव रक्कम देण्यात येईल." वाद इथेच मिटला तर सगळ्यात चांगलं. "काम समाधानकारक झाले" या कागदावर चाचणीआधी सही मात्र करू नका.

मिटलं नाही तर नोटीस. पोच मिळेल अशा टपालानं आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, मोजमापं आणि फोटो जोडा. नोटीस दुकानाच्या पाटीवरच्या नावानं नको, मालकाच्या किंवा भागीदारांच्या नावानं काढा. प्रोफाइल, म्हणजे चौकटीच्या पट्ट्या, बनवणाऱ्या कंपनीची हमी मालापुरती असते, बसवण्याची नसते. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. म्हणून दोष नेमका कुठला हे ठरत नसेल तर दोघांनाही पक्षकार करा. मधल्या काळात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्या नोंदीचा क्रमांक पुढे कामी येतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे माल पुण्याहून आला असला तरी सोलापुरात दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. प्रतिज्ञापत्र, बिलं, पैसे दिल्याच्या नोंदी, पाहणीचा कागद, अभियंत्याचा अहवाल, दुरुस्तीची दोन कोटेशनं, एवढं जोडा. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्यांदा गळाल्याच्या दिवसापासून मोजण्याचा धोका पत्करू नका, खिडकी बसवल्याच्या तारखेपासून धरून चाला. "करतो, बघतो" असं ऐकत दोन पावसाळे सहज निघून जातात.

बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटमध्ये खिडक्या त्यानंच बसवल्या असतील तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा पाहा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा दोष लेखी कळवला तर बिल्डरनं तीस दिवसांत स्वखर्चानं तो दुरुस्त करायचा आहे. करारनाम्याला जोडलेल्या सुविधांच्या तक्त्यात खिडकीचं वर्णन काय आहे, ते आधी वाचा.

समोरून एक चांगला प्रश्न आला आहे : पक्कं बिलच घेतलं नाही, पैसे थोडे रोख, थोडे फोनवरून दिले; आता काही होईल का? होईल. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद बँकेच्या खातेउताऱ्यात आहे. मापं, दर आणि "उद्या माणूस पाठवतो" असे मेसेज फोनमध्ये असतील. ते पुसू नका, तो फोन विकू नका, आणि प्रिंट जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, म्हणजे हे मेसेज याच फोनमधले आहेत असं लेखी, सोबत द्या. राहिलेल्या रोख रकमेसाठी आजच एक साधा मेसेज पाठवा : "अमुक तारखेला अमुक इतके रोख दिले होते, खिडकी अजून गळते आहे, माणूस कधी पाठवता?" समोरून "सोमवारी पाठवतो" एवढं जरी उत्तर आलं आणि त्यात रक्कम नाकारली नसेल, तरी तुमच्या बाजूला एक कागद तयार झाला.