कानाचा तुकडा

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती घरांतून एक चित्र हमखास दिसतं. येशूच्या खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू, मागे हिरवंगार कुरण. चित्र गोडच आहे. पण यहूदियाच्या रानात अशी हिरवळ हिवाळ्यातल्या पावसानंतर जेमतेम काही आठवडे टिकते. एरवी खडक, काटेरी झुडपं आणि पाण्यासाठी पायपीट. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, मेंढपाळांची भाषा या रानातली आहे.

आमोस संदेष्ट्याचंच बघा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा यहूदियातल्या तकोवा गावचा माणूस, स्वतः मेंढरं राखणारा. तो म्हणतो, मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन पाय किंवा कानाचा तुकडा सोडवून आणतो, तसे शोमरोनातले, म्हणजे इस्राएलाच्या राजधानीतले, इस्राएल लोक वाचतील. आता मला सांगा, मेंढरू तर गेलं. मग कानाच्या तुकड्यासाठी सिंहाच्या जबड्यात हात कोण घालेल?

उत्तर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायातल्या कायद्यात आहे. दुसऱ्याचं जनावर राखायला घेतलं आणि ते श्वापदानं फाडलं, तर राखणाऱ्यानं पुरावा आणून दाखवायचा. दाखवला की भरपाई माफ. म्हणजे तो रक्ताळलेला कान ही मेंढपाळाची पावती! कळप मालकाचा, राखणाऱ्याला एकेका मेंढराचा जाब द्यावा लागे.

हे कळलं की यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 34वा अध्याय झोंबतो. प्राचीन काळी राजेही स्वतःला मेंढपाळ म्हणवत. बाबिलोनच्या हम्मुराबीनं आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत तसं कोरूनच ठेवलंय. यहेज्केल इस्राएलाच्या अशा मेंढपाळांना विचारतो, चरबी तुम्ही खाता, लोकर तुम्ही पांघरता, मग कळपाला चारायचं कोणी? मोडलेल्याला पट्टी नाही, हरवलेल्याचा शोध नाही. कळप माझा, हिशेब द्या, असं देव सुनावतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू मोलकऱ्याची, म्हणजे मजुरीवर मेंढरं राखणाऱ्याची, गोष्ट काढतो. लांडगा दिसताच मोलकरी पळतो. कायद्यानं त्याच्याकडे प्राण मागितलेलाच नव्हता, पुरावा पुरे होता. आणि येशू म्हणतो, उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. धंद्याच्या हिशेबानं हे वेडेपणाचंच. मेंढपाळच मेला तर उरलेला कळप कोण राखणार? ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांनी ‘याला वेड लागलंय’ असंच म्हटलं, हे योहानानं लपवलेलं नाही.

सुरुवातीच्या त्या चित्राबद्दल आणखी एक. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ एकाला शोधायला जातो आणि सापडल्यावर ते खांद्यावर घेतो. मूळ गोष्टीत ते कोकरू नाही, मेंढरू आहे. तीस-चाळीस किलोचं धूड! चित्रकारानं मेंढपाळाचं ओझं परस्परच हलकं करून टाकलं. लूक मात्र लिहितो, तो ते आनंदानं खांद्यावर घेतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पास्टरला ‘पाळक’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही मेंढपाळच. तेव्हा दोन रविवार तुम्ही उपासनेला दिसला नाहीत आणि पाळकसाहेब भर उन्हात गाडी काढून दारात उभे राहिले, तर तोंड लपवू नका. आधी पाणी द्या, मग चहा ठेवा.

नमस्कार.