औषध सुरू झालं आणि चड्डी ओली व्हायला लागली

(दृश्य: घरातली खोली. पडद्याआड उभं असलेलं मूल. चेहरा दिसत नाही, फक्त पाय दिसतात.)

या पायांकडे नीट बघा. टाचा उचललेल्या, गुडघे ताठ, मांड्या एकमेकींवर आवळलेल्या. बघणाऱ्याला वाटतं, मुलगा शी करायला कुंथतोय. बहुतेक वेळा चाललेलं असतं नेमकं उलट. आलेली शी तो जीव खाऊन आत धरून ठेवतोय. ऑटिझम असलेली बरीच मुलं एरवीही चवड्यांवर चालतात, त्यामुळे ही खूण घरातल्यांच्या नजरेतून सहज निसटते.

सुरुवात साधीच असते. एकदा कडक शी होते, दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की मूल ती दाबतं. थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, मळ आणखी घट्ट होतो, आणखी दुखतं. हे आठवडेन् आठवडे चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून मोठा होतो आणि शी लागल्याची जाणीवच बोथट होते. शरीराच्या आतून येणारे इशारे ओळखणं ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आधीच अवघड जातं. त्यात ही भर.

मग चड्डीला डाग पडायला लागतात. दिवसातून कितीतरी वेळा, पातळ, उग्र वासाचे. घरात म्हणतात, पोट बिघडलंय, जुलाब होतायत. पण नळीत दगड अडकला की पाणी त्याच्या कडेने झिरपतं, तसा हा मळ आतल्या घट्ट गोळ्याच्या बाजूने निसटत असतो. मुलाला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं, तर कोंडी वाढते. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब टाकतो, म्हणून शूसुद्धा चड्डीत होते. या मुलाला ‘मुद्दाम करतोस’ म्हणून ओरडणं हा सरळ अन्याय आहे.

(दृश्य: टेबलावर औषधाची बाटली, शेजारी मोजमापाची छोटी सिरिंज.)

आता या बाटलीकडे वळू. ऑटिझम घालवणारं औषध नाही. पण टोकाची चिडचिड, अंगावर धावून जाणं, स्वतःला इजा करणं यासाठी काही औषधं दिली जातात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता दिली. या औषधांनी अनेक घरांत शांत झोप परत आली आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण झापड, भूक आणि वजन वाढणं याबद्दल जेवढं बोललं जातं, तेवढं शी-शूबद्दल बोललं जात नाही. रिस्पेरिडोनने बद्धकोष्ठता होऊ शकते. काही मुलांचा शूवरचा ताबा सुटतो, रात्री आणि कधी कधी दिवसाही. कित्येक महिने कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, शिकवलेलं सगळं विसरला.

इतर औषधांचंही बघायला हवं. अतिचंचलपणा आणि लक्ष न लागणं यासाठी मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन, क्लोनिडिन, ग्वानफॅसिन अशी औषधं देतात. मिथाइलफेनिडेटने भूक मरते. मूल कमी खातं-पितं आणि पोट साफ होत नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिनने बद्धकोष्ठता होऊ शकते, शू सुरू व्हायलाही वेळ लागू शकतो. क्लोनिडिन आणि ग्वानफॅसिनने तोंड कोरडं पडतं, शी कडक होते. अंगाचा ताठरपणा कमी करायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने शी आणि शू दोन्ही अडू शकतात. फिट्ससाठी दिलेल्या व्हॅल्प्रोएट या औषधावर काही मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. आणि ज्याला कुणी औषध म्हणून मोजतच नाही, ते लोहाचं टॉनिकही पोट घट्ट करतं. दोन-तीन औषधं एकत्र चालू असली की हे परिणाम एकमेकांवर चढतात.

सगळ्यात वाईट चक्र इथून सुरू होतं. पोट दुखतंय हे ज्याला बोलून सांगता येत नाही, ते मूल डोकं आपटतं, हात चावतं, रात्रभर जागं राहतं. ते बघून ‘वागणं बिघडलंय’ असं ठरतं आणि डोस वाढतो. वाढलेल्या डोसने पोट आणखी घट्ट होतं, मूल आणखी चिडतं.

(दृश्य: वहीचं पान. तारखा, वेळा, पेनने काढलेली छोटी चित्रं.)

हे चक्र तुटतं ते अशा एखाद्या वहीने. कोणतं औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला, शी कधी आणि कशी झाली, चड्डी किती वाजता ओली झाली. शीचा प्रकार सांगायला ब्रिस्टल तक्ता आहे. त्यात सुट्या कडक खड्यांपासून पाण्यासारख्या शीपर्यंत सात चित्रं आहेत. न बोलणारं मूलही कधी कधी त्यातल्या चित्रावर बोट ठेवतं. डोस वाढल्यानंतर थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला असेल, तर ते या पानावर डॉक्टरांना लगेच दिसतं.

मात्र औषध स्वतःहून बंद करू नका. क्लोनिडिन एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो. फिट्सचं औषध थांबवलं तर फिट्स वाढतात. रिस्पेरिडोन अचानक सोडल्यावर हातापायांच्या किंवा तोंडाच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात. डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरं औषध निवडणं हे डॉक्टरांसोबत ठरवायचं.

साठलेला मळ आधी बाहेर काढावा लागतो. गोळा तसाच ठेवून नुसती भाजी-फळं वाढवली तर पोट फुगतं. डॉक्टर बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती मळात पाणी धरून ठेवते. आधी मोकळं करायला मोठा डोस, मग कित्येक महिने छोटा. ‘सवय लागेल’ या भीतीने पालक ती लवकर बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा.

बाकी बदल छोटे आहेत. जेवणानंतर आतडं हलतं, म्हणून तेव्हा पाचेक मिनिटं बसवायचं, बळजबरी न करता. पायाखाली पाट हवा, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर लावता येतो. लोंबकळत्या पायांनी पोट साफ होत नाही. फ्लशचा आवाज सहन होत नसेल तर मूल बाहेर आल्यावर फ्लश करा. फक्त डायपरमध्येच शी करणाऱ्याला आधी डायपर घालूनच संडासात जाऊ द्या.

पोट टणक होऊन हिरवी उलटी झाली, शीतून रक्त आलं, बरेच तास शू झाली नाही किंवा पायांतली ताकद कमी वाटली, तर वहीची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.

आणि पुढच्या भेटीत डोस वाढवायचा विषय निघाला, तर वही उघडून टेबलावर ठेवा. डॉक्टरांना सांगा, आधी पोट तपासा.