टोपी घालावी कधी, उतरवावी कुठं

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बोलण्याचा एक मोठा फायदा आहे. मी या क्षणी डोक्यावर काय घालून बसलोय, ते तुम्हाला दिसत नाही. सांगूनच टाकतो, काही नाही. टोपी नाही आणि केसही नावालाच. त्यामुळे टोपी हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही, जिवाचा आहे.

त्यातून राहतो नागपुरात. आपल्या गावाचा पारा 23 मे 2013 ला 47.9 अंशांवर गेला होता, आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांवर उतरला होता. डोकं मात्र दोन्ही दिवशी तेच. मुंबईकराला एका छत्रीत वर्ष काढता येतं, आपल्याला डोक्यासाठी कपाटात वेगळा खण लागतो. 2024 च्या मे महिन्यात तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. देशभर बोभाटा झाला आणि मग कळलं की सेन्सर बिघडला होता. बिघडेल नाही तर काय! बिचारा भर उन्हात उभा, डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही. त्याला ऊन लागली असणार.

दुपट्ट्याचं सांगतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, पांढरं कापड घेतलं आणि गुंडाळलं. तसं नाही. कोरा दुपट्टा डोक्यावर बसतच नाही, खळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवावा लागतो. मग मधला भाग कपाळावर घ्यायचा, दोन्ही टोकं कानांवरून मागं ओढायची, मानेवर तिढा द्यायचा आणि एक टोक नाकावरून आणून दुसऱ्या कानापाशी खोचायचं. कान उघडा राहिला की सगळी मेहनत वाया. लू कानातून शिरते, असं आमची आजी म्हणायची आणि त्यावर तिच्याशी वाद घालायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती. निघताना दुपट्टा पाण्यातून काढून पिळून घेतला, तर आणखी मजा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना डोक्याची उष्णता घेऊन जातं. खिडकीतला वाळ्याचा कूलर याच हिशेबानं चालतो. म्हणजे ओला दुपट्टा बांधून निघालेला माणूस हा एक चालता कूलरच. फक्त धंतोलीहून बर्डीला पोचेपर्यंत तो वाळलेला असतो.

दुपट्ट्यात एकच खोट. त्यावर काळा चष्मा चढवला की माणूस ओळखू येत नाही. मागच्या उन्हाळ्यात व्हरायटी चौकात सिग्नलला उभा होतो. शेजारच्या स्कूटरवरून एक दुपट्टा म्हणाला, "काय भाऊ, परवा आले नाही तुम्ही?"

मी म्हणालो, "जमलंच नाही हो."

"वहिनी वाट पाहून राहिली होती ना. पुरणपोळ्या केल्या होत्या."

"या रविवारी येतो, नक्की."

सिग्नल सुटला. श्रोतेहो, ते गृहस्थ कोण होते ते मला अजून कळलेलं नाही. ते हे भाषण ऐकत असतील, तर त्यांनी पत्ता कळवावा. पोळ्यांसाठी नाही, माफी मागायची आहे. पोळ्या असल्या तर बघू.

दुपट्ट्यावर हेल्मेट बसवणं ही वेगळीच कसरत आहे. ते इतकं घट्ट बसतं की हॉर्नही लग्नातल्या सनईसारखा लांबून ऐकू येतो. म्हणून काही मंडळी हेल्मेट कोपरात घालतात, काही आरशाला टांगतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ते डोक्यावर असावं आणि पट्ट्यानं नीट बांधलेलं असावं असं लिहिलंय. कोपराचा उल्लेख नाही.

आता रीतभातीकडं येतो, कारण खरा गोंधळ तिथंच आहे. साहेब समोरच्याला मान द्यायला टोपी काढतो. आपण मान द्यायला डोकं झाकतो आणि पायातलं काढतो. जुन्या पिढीत उघड्या डोक्यानं कुणी दारात आला, तर घरात काही बरंवाईट झालं की काय, म्हणून लोक धास्तावत. आणि इंग्रजाला आपल्या लोकांनी नावच टोपीकर ठेवलं होतं, तोच गडी घरात शिरला की पहिली टोपी खुंटीला! नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तेव्हा इथल्या साहेबांच्या डोक्यावर सोला हॅट असे. पाणथळ जागेत उगवणाऱ्या झाडाच्या भेंडापासून केलेली, दिसायला कढईएवढी, वजनाला कापसासारखी. राज्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण उन्हासाठी तेवढी वस्तू साहेबानं बरोबर निवडली होती.

गांधी टोपीची गंमत तर आणखी वेगळी. 1920 च्या डिसेंबरात आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं, आणि पांढरी टोपी घालणं म्हणजे सरकारला आव्हान देणं होऊन बसलं. पण दुसऱ्याच वर्षी, 1921 च्या सप्टेंबरात, गांधीजींनी मदुराईला पंचा नेसला आणि स्वतःची टोपी सोडून दिली. देशाच्या डोक्यावर टोपी राहिली आणि तिच्या नावाचा माणूस उघड्या डोक्यानं हिंडला. व्हरायटी चौकातल्या पुतळ्याला मे महिन्यात पाहिलं की माझा हात आपसूक खांद्यावरच्या दुपट्ट्याकडं जातो.

मराठीत टोपी घालण्याचे दोन प्रकार आहेत. स्वतःच्या डोक्यावर घातली तर ऊन वाचते, दुसऱ्याच्या डोक्यावर घातली तर पैसे वाचतात. बर्डीवरच्या एका दुकानात मला दोन्ही एकदमच घडले. डिसेंबरात हिरवट रंगाची, काठाला रिबीन लावलेली एक फेल्ट हॅट घेतली. "साहेब, बारमाही आहे," दुकानदार म्हणाला. मी आरशात पाहिलं, मला वाटलं सेवानिवृत्त गुप्तहेर दिसतोय. बायकोनं पाहिलं, तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही.

ती हॅट घालून मी मे महिन्यात उमरेडकडं सासरच्या एका लग्नाला गेलो. तासाभरात समजलं की फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर. आपण उन्हाळ्यात घोंगडी डोक्यावर घेतली आहे. पण हॅट काढली तर चकाकतं टक्कल, आणि शेजारी व्हिडिओवाला. तशीच ठेवली.

मग आहेर सुरू झाला. आपल्याकडं दुपट्टा-टोपीचा आहेर, तुम्हाला ठाऊकच आहे. या लग्नात मिळालेली टोपी पुढच्या लग्नात देता येते. काही टोप्यांनी माझ्याहून जास्त लग्नं पाहिली असतील. मामेसासरे टोपी घेऊन पुढं आले आणि थबकले.

"जावईबापू, हे टोपलं उतरवा ना पहिले. मी टोपी कुठं घालू?"

मंडप हसला. मी हॅट काढून खुर्चीवर उलटी ठेवली. माझं डोकं तेवीस नंबरचं, टोपी एकवीस नंबरची. ती डोक्यावर बसली नाही, नुसती टेकली. देणारा समोर असेपर्यंत आहेराची टोपी उतरवायची नसते, म्हणून मान ताठ ठेवून उभा राहिलो, डोक्यावर पाण्याचा लोटा ठेवल्यासारखा.

एवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हाती अक्षता नव्हत्या. इकडंतिकडं पाहतो, तर आठ-दहा वर्षांचा एक पोरगा हिरवट रंगाचं भांडं घेऊन लोकांत फिरत होता. जवळ आला आणि म्हणाला, "काकाजी, घ्या ना."

मी माझ्याच हॅटमधून मूठभर अक्षता घेतल्या आणि "शुभमंगल सावधान"ला जोरात उधळल्या.

हॅट आता हिवाळ्यात वापरतो, सकाळी फुटाळ्याला फिरायला जाताना. पण अजूनही कपाटातून काढून झटकली, की रिबिनीच्या घडीतून कुंकवानं रंगलेला एखादा तांदूळ खाली पडतो.

नमस्कार.