वाचन अडलंय? झुंजारला बोलवा

[दृश्य: वाचनालयातलं मागचं कपाट. जाड पुठ्ठ्यात बांधलेल्या, कडा झिजलेल्या रहस्यकथा.]

या कपाटापाशी हल्ली फारसं कुणी थांबत नाही. नवा सभासद चरित्रांकडे वळतो, गाजलेल्या अनुवादांकडे वळतो. पण ज्याचं वाचन अडलंय, ज्याचा हात तिसऱ्या पानालाच मोबाइलकडे जातो, एकाच परिच्छेदावरून ज्याचे डोळे पुन्हा पुन्हा फिरतात आणि डोक्यात काहीच उतरत नाही, त्यानं इथंच थांबावं असं आमचं मत आहे.

कारण ही पुस्तकं दमूनभागून घरी आलेल्या माणसासाठीच लिहिलेली आहेत.

[दृश्य: बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं.]

चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हणजेच बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू ही त्यांच्या नायकांची नावं एका पिढीला नातेवाइकांसारखी पाठ होती. मुलं ही पुस्तकं पाठ्यपुस्तकात दडवून वाचायची. मुलं शाळेत गेली की तीच पुस्तकं वडील वाचायचे. सर्क्युलेटिंग लायब्ररीत भाडं दिवसावर असायचं. उद्या पुस्तक परत द्यायचं म्हणजे आज ते संपलंच पाहिजे, आणि ते संपायचंही, कारण लिहिणाऱ्यानं तो हिशेब आधीच धरलेला असायचा.

आज अर्नाळकर वाचताना अधूनमधून हसू येतं. वेषांतर केलं की जवळच्या माणसालाही ओळखू येत नाही, आणि योगायोग तर पावलोपावली. पण प्रकरण संपताना दारावर टकटक होते, आणि बाहेर कोण आहे ते पान उलटल्याशिवाय कळत नाही. पान उलटतंच.

वाचन अडतं तेव्हा खरी तक्रार असते ती लक्ष लागत नाही याची, आणि ‘लक्ष दे’ म्हणून दटावल्यानं ते कधी लागलंय? रहस्यकथा दटावत नाही. समजा, बंगल्यात खून झालाय. दिवाणखान्यात पाच माणसं होती आणि टीपॉयवर चहाचे कप सहा आहेत. एवढं वाचलं की आपण कप मोजायला लागतो. मग कुणी साखर घेत नव्हतं, कुणाचा कप भरलेलाच राहिला, हे आपोआप ध्यानात राहतं. पाच मिनिटांपूर्वी ज्याला मागचं वाक्य आठवत नव्हतं, तोच आता चार पानं मागं जाऊन खात्री करतो.

सुहास शिरवळकरांची वाट निराळी. फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास ही त्यांची माणसं बोलतात फार, आणि कट्ट्यावर बोलावं तशी बोलतात. छोटी छोटी वाक्यं, पानावर भरपूर मोकळी जागा. बघता बघता चाळीस पानं मागं पडतात. अडलेल्या वाचकाला आधी हेच हवं असतं: आपण पुढं सरकतोय.

[दृश्य: रात्र. टेबललॅम्पच्या उजेडात उघडं पुस्तक.]

आता भयकथा लिहिणारे नारायण धारप. जन्म १९२५, मृत्यू २००८. शिक्षणानं रसायन तंत्रज्ञ, आणि ते त्यांच्या लिहिण्यात दिसतं. धारपांना घाई नसते. आधी घर येतं: खोल्या किती, जिना कुठून, माळ्यावर काय ठेवलंय. मग नोकरी, शेजारपाजार. सांगणारा बहुतेकदा मध्यमवर्गीय, हिशेबी, भुताखेतांची टिंगल करणारा. अशा माणसानं त्याच सरळ सुरात सांगितलं की माळ्यावरची ट्रंक सकाळी होती तिथं नाही, तर आपण वाचता वाचता छताकडे बघतो.

‘लुचाई’सारख्या त्यांच्या कादंबऱ्या स्टीफन किंग यांच्या पुस्तकांवर बेतलेल्या आहेत, म्हणून काही जण नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. मूळ कुठलंही असो, त्या कादंबरीतली माणसं, घरं, बोलणं आपलं आहे, आणि भीती आपल्या घरात आल्याशिवाय भीती वाटत नाही. धारपांच्याच कथेतून राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’ला बीज मिळालं, चित्रपटाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आलं. चित्रपट पाहून धारप शोधत वाचनालयात आलेली तरुण मुलं भेटली, तर त्यांना धारपांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथा द्याव्यात.

भयकथेचा एक व्यावहारिक फायदा कुणी सांगत नाही. रात्री अकरानंतर वाचायला बसा आणि फोन पलीकडच्या खोलीत ठेवा. दहा पानांनंतर अंधारातून तो आणायला उठण्याची हिंमत होत नाही. निमूटपणे पुढचं पान वाचलं जातं.

कादंबरीची धास्तीच वाटत असेल, तर रत्नाकर मतकरी. २०२०मध्ये ते गेले. नाटककार म्हणून ते मोठे होतेच, पण त्यांच्या गूढकथा अडलेल्या वाचनावर अचूक लागू पडतात. एक कथा एका बैठकीत होते. पुष्कळदा भूत नसतंच. घरातल्याच कुणाच्या तरी मनात काहीतरी शिजत असतं, आणि ते शेवटच्या काही ओळींत बाहेर येतं. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचा ‘अंधारवारी’ हा संग्रह याच कपाटात हवा.

[दृश्य: वाचनालयाचा काउंटर. तारखेचा शिक्का उमटतो.]

पहिलं पुस्तक संपलं की उत्साहाच्या भरात आठशे पानी कादंबरी घरी नेऊ नका. त्याच लेखकाचं दुसरं न्या, मग तिसरं. भयकथांनी झोप उडत असेल, तर मध्ये एखादा झुंजार घ्या. आणि कुणी विचारलंच, ‘सध्या काय वाचन चालू आहे?’ तर लाजायचं कशाला, ‘दारा बुलंद’ म्हणून मोकळं व्हा.