अटक करताना मारहाण झाली तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करू या, कारण नंतर प्रश्नोत्तरांत तीच परत येते. अटक करताना पोलिसांना बळ वापरता येतं का? येतं. माणूस अंगावर धावून आला किंवा हात झटकून पळायला लागला तर त्याला धरायला जेवढं लागेल तेवढं बळ वापरायची मुभा कायदा देतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हे कलम 46 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 43 झालंय. पण त्याच संहितेत असंही लिहिलंय की पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच अडवायचं, त्याच्या वर नाही. म्हणजे माणूस हातात आला, गाडीत बसला, आता तो कुठे पळत नाहीये, की तिथून पुढची प्रत्येक काठी आणि प्रत्येक थप्पड बेकायदा आहे, मग आरोप पाकीटमारीचा असो नाहीतर खुनाचा.

लोक आमच्याकडे येतात ते जामीन झाल्यावर, कधीकधी काही महिन्यांनी. "मॅडम, पोलिसांवर केस टाकायचीय." मी पहिलं विचारते, कोर्टात हजर केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटना सांगितलं होतं का? आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं, आणि माझ्या मते पोलिसांविरुद्धची केस तिथेच अर्धी हातची जाते.

ते दृश्य डोळ्यासमोर आणा. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला हजर करावंच लागतं, घटनेतच आहे ते, कलम 22. कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, भरलेला, आरोपी उभा, त्याला खेटून हवालदार, मागे तपास अधिकारी. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हे विचारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, 1983 च्या शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट सांगितलंय. पण येताना गाडीतच त्याला दम भरलेला असतो, की तोंड उघडलंस तर कस्टडी वाढवून घेऊ, आणि पुन्हा त्याच लोकांबरोबर त्याच कोठडीत जायचंय हे त्याला कळत असतं. तो म्हणतो, नाही. रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या हुकमाच्या, कागदावर लिहिलं जातं, तक्रार नाही. वर्षभराने हायकोर्टात सरकारी वकील तेवढीच ओळ वाचून दाखवतात.

म्हणून घरच्यांनी पोलीस स्टेशनच्या बाहेर साहेबांची वाट बघत रात्र घालवण्यापेक्षा वकील गाठावा आणि वकिलाने तोंडी न बोलता त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, की मारहाण झालीय, जखमा आत्ता बघून नोंद घ्या आणि मेडिकल पुन्हा करा. शर्ट वर करून पाठ दाखवायला लाजू नका. खूप लोक लाजतात, त्याचं मला अतिशय वाईट वाटतं, कारण लाज वाटायला हवी ती मारणाऱ्याला.

मेडिकलचंही तसंच. अटक झाली की तपासणी व्हायलाच हवी आणि रिपोर्टची कॉपी आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. प्रत्यक्षात काय होतं, हवालदार टेबलापाशी उभा, डॉक्टर विचारतात काही त्रास आहे का, हा मान हलवतो, दोन मिनिटांत कागद तयार. तळपायावर पट्ट्याने मारलेलं वरवर बघून दिसत नाही, त्यामुळे चप्पल काढून तळवे दाखवायचे, कशाने मारलं, कधी मारलं ते स्वतःहून सांगायचं, आणि वळाचा रंग आणि साईज लिहा म्हणून डॉक्टरांना विनंती करायची. लाल वळ ताजा असतो, हिरवट-पिवळा झालेला जुना, आणि मार अटकेआधीचा की नंतरचा हा वाद पुढे बऱ्याचदा त्या रंगावरच येतो. अटकेचे नियम घालून देणाऱ्या डी. के. बसू केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरोपीने मागणी केली तर अटकेच्या वेळीच अंगावरच्या जखमांची नोंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. मागितलंच नाही तर कोणी करत नाही.

सीसीटीव्ही विसरू नका. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक पोलीस स्टेशनच्या गेटवर, लॉकअपमध्ये, कॉरिडॉरमध्ये आवाजासकट कॅमेरे हवेत आणि फुटेज अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर ठेवायला हवं. पण कॅमेरा बंद होता हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा आणि फुटेज जपून ठेवा असा अर्ज पहिल्याच आठवड्यात देऊन पोच घ्या.

आता केस कुठली? मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करता येते, तिथे सरकारच्या परवानगीचा अडथळा येतो. ड्युटी करताना केलेल्या कृत्यासाठी खटल्याआधी मंजुरी लागते आणि 2020 च्या देवराजा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कामाशी वाजवी संबंध असेल तर अतिरेक झाला तरी मंजुरी लागेल. उलट कोठडीतली मारहाण हा ड्युटीचा भाग होऊच शकत नाही असं सांगणारा 2000 चा उन्नीकृष्णन निकालही आहे, तो आपल्या वकिलाच्या हातात असायलाच हवा. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 161 आहे, पोलिसांवर केस करायला सहा महिन्यांची मुदत घालणारं, पोलीस बचावात हमखास तेच पुढे करतात, म्हणून उशीर करू नका. मानवी हक्क आयोगाला एक वर्ष होऊन गेलेलं प्रकरण घेता येत नाही.

भरपाईसाठी मला हायकोर्टातली रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याबद्दलची थेट याचिका, सगळ्यात कामाची वाटते, दिवाणी दाव्यात वर्षं जातात. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने कोठडीत मेलेल्या मुलासाठी सुप्रीम कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं होतं, 1993 मध्ये तिला दीड लाख रुपये मिळाले, आणि मूलभूत हक्क मोडला तर सरकारला सार्वभौमत्वाच्या, म्हणजे सरकारवर दावा चालत नाही या जुन्या तत्त्वाच्या, नावाखाली हात झटकता येणार नाहीत हे तिथे पक्कं झालं. पण हे पैसे सरकार भरतं, म्हणजे आपल्याच करातून जातात, ज्याने मारलं त्याच्या पगाराला धक्का लागत नाही. दिल्लीच्या सहेली केसमध्ये पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचं पोर गेलं होतं, तेव्हा कोर्टाने आईला पंचाहत्तर हजार द्यायला लावले आणि दोषी अधिकाऱ्यांकडून ते वसूल करायची मोकळीक प्रशासनाला दिली. म्हणून याचिकेत ही वसुलीची मागणी वेगळ्या परिच्छेदात, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर (गणवेशावरचा नंबर) टाकून करा, आणि त्याला नावाने पार्टी, म्हणजे प्रतिवादी, करा.