गंज समोर ठेवा अन् पाहा

नमस्कार मंडळी. समोर पोरंपोरी बसल्या आहेत, मागं त्यांचे मायबाप आहेत, काही जण वावरातून थेट इकडंच आलेले दिसतात, म्हणून मी लय ताणत नाही. चित्रकला शिकायची असली की सगळे हाताच्या मागं लागतात, सर हात वळत नाही, सर माझ्या हातात कलाच नाही. मला ते पटत नाही. ज्या हातानं सुईत दोरा ओवता येते त्या हाताला रेघ मारता येते. गाडी अडते ती पाहण्यात, अन् पाहणं शिकता येते, कोणालाही, या वयात किंवा त्या वयात.

हा घरातलाच स्टीलचा गंज, म्हणजे उभट पातेलं, आहे, इथं टेबलावर ठेवतो. याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून पोरं काय करतात तर वरती मस्त गोल काढतात, अन् खाली बूड काढताना सरळ आडवी रेघ मारतात, कारण गंज सपाट टेबलावर ठेवला आहे ना! म्हणजे एकाच भांड्याचं तोंड वरून पाहिलेलं अन् बूड समोरून पाहिलेलं. आता मी गंज उचलून बरोबर डोळ्यासमोर धरतो, पाहा, तोंडाचा गोल गेला, नुसती एक रेघ उरली. हळूहळू खाली आणतो तसा तो गोल उघडत जाते, आधी चपटा, मग जरा फुगीर, जमिनीवर ठेवून वरून वाकून पाहिलं की मग कुठं पूर्ण गोल. बूड तर तोंडापेक्षाही खाली आहे, म्हणजे डोळ्यापासून आणखी खाली, म्हणून बुडाची रेघ तोंडाच्या रेघेपेक्षा जास्त वाकडी पाहिजे. सरळ तर नाहीच नाही. अन् त्या चपट्या गोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे काढू नका, तिथं रेघ वळते, मोडत नाही. एवढी एक गोष्ट समजली तर बादली, माठ, विहिरीचं तोंड, बैलगाडीचं चाक, सगळं सुधरते.

मापाचं पण सांगतो. हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिल उभी धरा, पेन्सिलीचं टोक गंजाच्या काठाला लावा अन् अंगठा सरकवत बुडापर्यंत आणा. ही झाली उंची. आता तेच माप आडवं धरून पाहा, रुंदी उंचीपेक्षा कमी की जास्त, किती जास्त. हात कोपरात वाकला की माप बदलते, म्हणून ताठच ठेवायचा, हे पोरं दरवेळी विसरतात. माणसाचं तोंड काढतानाही हीच सवय लावा. डोळे डोक्याच्या जवळजवळ मधोमध असतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून पाहा, घरी आईचंच मोजा. नवीन माणूस डोळे कपाळात चढवतो कारण केसाखालचं डोकं त्याच्या हिशोबातच नसते.

आता आपल्याकडचा आवडता विषय, पोळ्याचा बैल. झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं, सगळं हौसेनं काढतात अन् पाय मात्र चार खांब. बैलाच्या मागच्या पायाला मधात जो सांधा मागच्या बाजूला टोक काढून असतो ना, त्याला आपण गुडघा समजतो, पण ती त्याची टाच आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ आहे. घरी बैल असेल तर चालताना पाहा, कोणता सांधा कुठं वाकते ते दिसते. अन् पाय जमत नसले तर पाय काढूच नका, दोन पायांमधली जी मोकळी जागा आहे, पोटाखालून पलीकडचं अंगण दिसते ती, तिचा आकार काढा. त्या जागेला नाव नाही, म्हणून तिथं डोकं आपलं ज्ञान घुसवत नाही अन् डोळा जे आहे तेच पाहते. मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते, खरंच.

सामान फार लागत नाही. एचबी अन् 4बी अशा दोन पेन्सिली, पाठकोरे कागद, बस. पट्टी घरी ठेवा. मोबाईलवरचा फोटो पाहून काढायला माझा विरोध नाही पण सुरुवातीला नकोच, कारण कॅमेऱ्यानं सगळं आधीच सपाट करून दिलेलं असते, तुमच्या डोळ्याला कामच उरत नाही. रोज थोडं काढा, खोडरबर न वापरता, चुकलेली रेघ तशीच राहू द्या अन् बाजूला दुसरी मारा, मग दोन्हींत फरक काय ते दिसते.

एलिमेंटरीला, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला, बसणाऱ्या पोरांसाठी एवढं सांगून थांबतो. वस्तुचित्राच्या पेपरला बाजूच्याच्या कागदात डोकावून फायदा नाही. तुम्ही डावीकडं बसले अन् तो उजवीकडं, तर त्याला गंजाचं एक अंग दिसते अन् तुम्हाला दुसरं, सावलीपण दोघांना वेगळी दिसते. आपल्या जागेवर नीट बसा, बसल्यावर डोकं वरखाली करू नका, नाही तर तोंडाचा गोल दर पाच मिनिटाला बदलेल. चला, आता विचारा काय विचारायचं ते.